हात लावू द्या

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक पाटी हमखास दिसते, ‘कृपया हात लावू नये’. टेबलामागे इस्त्रीच्या गणवेशात दोन मुलं उभी असतात. पाहुणे आले की पाठ केलेलं भाषण सुरू होतं, पाहुणे मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात. मुलांनी काय बनवलं आणि पाहणाऱ्याला त्यातलं काय कळलं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शिक्षक म्हणून मी अशी कितीतरी प्रदर्शनं पाहिली आहेत, काहींचा परीक्षकही होतो.

व्हिडिओ गेमच्या टेबलावर मात्र ही पाटी लावताच येत नाही. गेम ही पाहायची वस्तू नाही, हातात घ्यायची आहे. अनोळखी माणूस येणार, कंट्रोलर उचलणार आणि दोन मिनिटांत ठरवणार की थांबायचं की निघायचं. म्हणून एखाद्या छोट्या गटाने आपला गेम जाहीर संमेलनात मांडायची तयारी कशी करावी, हा प्रश्न मला नुसता तांत्रिक वाटत नाही. त्यात शिकवण्याचा प्रश्न आहे, भाषेचा आहे, आणि आपल्या वस्त्यांतली मुलं कोणत्या टेबलामागे उभी राहू शकतात याचाही आहे.

निमित्त असं की मालेगावातल्या आमच्या उर्दू शाळेतून शिकून गेलेली तीन मुलं आणि एक मुलगी गेली दीड वर्षं एक छोटा गेम बनवत आहेत. रात्रपाळीला गेलेल्या अब्बांचा डबा घेऊन एक पोरगा गल्लीबोळांतून कारखान्याकडे निघतो. मध्येच वीज जाते. अंधारात वेगवेगळ्या कारखान्यांच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकून वाट शोधायची. ज्या कारखान्यात जनरेटर आहे तिथलाच आवाज सुरू राहतो. एवढाच खेळ. पुढच्या महिन्यात मुंबईतल्या एका संमेलनात त्यांना टेबल मिळालं आहे. त्यांच्या तयारीत भाषेपुरता माझा हात आहे, त्यामुळे हे सगळं जवळून पाहायला मिळतं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो विसरला गेला आहे. संगणकावरचे खेळ दुकानांत नंतर आले, प्रदर्शनांत आधी आले. १९५० साली टोरांटोच्या कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशनमध्ये जोसेफ केट्स या अभियंत्याने ‘बर्टी द ब्रेन’ नावाचं सुमारे चार मीटर उंच यंत्र उभं केलं होतं. ते लोकांशी फुली-गोळा खेळायचं. त्यात एक शहाणपणाची सोय होती: खेळ किती अवघड ठेवायचा ते बदलता येत असे. डॅनी के हा प्रसिद्ध विनोदी नट तिथे आला आणि हरत राहिला, तेव्हा तो जिंकेपर्यंत यंत्र सोपं सोपं करत नेलं गेलं. पुढच्याच वर्षी फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये फेरांटी कंपनीने ‘निमरॉड’ हा संगणक मांडला. त्यांना संगणकाची गणिती ताकद दाखवायची होती. लोकांना बहुतेक करून त्याच्याशी ‘निम’ खेळायचं होतं.

तिसरं उदाहरण मला शिक्षक म्हणून सर्वांत जवळचं. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांच्या लक्षात आलं की पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वस्तू नुसत्या मांडलेल्या असतात आणि लोक कंटाळतात. त्यांनी ऑसिलोस्कोपच्या पाच इंची पडद्यावर टेनिसचा खेळ बसवला. एक गोल बटण फिरवायचं, दुसरं दाबायचं, बस्स. त्या दिवशी शेकडो माणसं रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी पडदा मोठा झाला, चंद्रावरच्या आणि गुरू ग्रहावरच्या गुरुत्वाकर्षणातही चेंडू टोलवता येऊ लागला. नंतर ते यंत्र मोडून त्याचे भाग दुसऱ्या कामाला वापरले गेले. सगळी कल्पना निघाली होती ती एका साध्या विचारातून: पाहुण्याला हात लावू द्यावा.

आजच्या छोट्या गटांनाही पहिली गोष्ट हीच समजून घ्यावी लागते. संमेलनात पूर्ण गेम दाखवायचा नसतो. दहा मिनिटांचा वेगळा नमुना तयार करावा लागतो आणि हा नमुना म्हणजे गेमची पहिली दहा मिनिटं नव्हेत. मुलांच्या गेमची सुरुवात घरात होते: अम्मी डबा भरते, आजी दुआ देते, धाकटी बहीण रुसते. घरी बसून खेळणाऱ्याला ते आवडेल. पण गजबजलेल्या हॉलमध्ये, मागे रांग उभी असताना, कुणी अडीच मिनिटं डबा भरताना पाहत बसणार नाही. म्हणून नमुन्यात पोरगा थेट गल्लीत, डबा हातात, आणि अर्ध्या मिनिटात वीज गायब. कथेची ओळख नंतर, हात चालू लागल्यावर. वर्गातही असंच असतं. धडा कवीच्या जन्मगावापासून सुरू केला की मागचे बाक झोपतात.

दुसरी अडचण त्यांच्या गेमच्या मुळावरच येणारी आहे. आवाज ऐकून वाट शोधायची, आणि हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर बंदुका चालताहेत, पलीकडे मंचावरून निवेदक ओरडतो आहे. हेडफोन ठेवणार आहेत, कान झाकणारे, दोन जोड. पण हेडफोन घातलेल्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्या तिघांना पडद्यावर फक्त काळोख दिसणार. रांगेतला माणूस हाच पुढचा खेळाडू असतो, त्याला बघायला काहीतरी हवं. म्हणून आता माग जिथे चालतो तिथून अंधारात फिकट लहरी पसरतात, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. ही दुरुस्ती फक्त संमेलनासाठी केली होती. पण ज्याला कमी ऐकू येतं त्यालाही हा गेम त्यामुळे खेळता येईल, हे कळल्यावर त्यांनी ती मूळ गेममध्येही ठेवली. प्रदर्शनाची तयारी वस्तू सुधारते, ती अशी.

बाकीची यादी कंटाळवाणी आहे, पण टेबल तिच्यावरच उभं राहतं. खेळणारा मध्येच उठून गेला तर मिनिटभराने गेम आपोआप सुरुवातीला यायला हवा. नाहीतर पुढचा माणूस अर्धवट डावात येऊन गोंधळतो. ‘बाहेर पडा’ हे बटण काढून टाकायचं, कारण कुणीतरी ते दाबणारच. इंटरनेटवर विसंबायचं नाही. लॅपटॉपचं आपोआप होणारं अपडेट आणि स्क्रीनचं झोपणं बंद करायचं. दुसऱ्या लॅपटॉपवर तोच नमुना तयार ठेवायचा, आणि पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत. एक्स्टेन्शन बोर्ड, जादा कंट्रोलर, तारा टेबलाला बांधायला चिकटपट्टी, कंट्रोलर पुसायला कापड. कंट्रोलर कधीच न धरलेल्यांसाठी लागणाऱ्या दोनच बटणांचं मोठं चित्र. आवडलेल्या माणसाने पुढे काय करायचं, याचंही उत्तर टेबलावर हवं. स्टीम या दुकानात गेम चढवायला शंभर डॉलर भरावे लागतात, आणि तिथलं पान गेम तयार होण्याच्या कितीतरी आधी उघडता येतं. त्या पानाचा क्यूआर कोड ठेवला की लोक उभ्या उभ्या गेम विशलिस्टमध्ये टाकू शकतात. संमेलनाला येताना पान तयार नसेल, तर दोन दिवसांची मेहनत ‘छान आहे हं’ एवढ्यावर संपते.

आता सर्वांत अवघड तयारी. ती लॅपटॉपची नाही, बनवणाऱ्याची आहे. गप्प बसण्याची.

बी.एड. केलेल्या प्रत्येकाला सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत सुरू झाली आणि आपल्याकडे तिचा छत्तीस मिनिटांचा साचा ठरला: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटांत पाठाची फेरआखणी, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य, समोर मोजकेच विद्यार्थी. आम्ही तेव्हा त्याची थट्टा करायचो. आज ही मुलं जे करताहेत ते पाहतो तेव्हा वाटतं, हे तेच आहे, फक्त त्यांना कुणी वहीत टाचण लिहायला लावलेलं नाही.

मालेगावात शुक्रवारी कारखाने बंद असतात. त्या दिवशी ही मुलं एका ओळखीच्या हॉलमध्ये टेबल मांडतात आणि येईल त्याला खेळायला बसवतात: माग चालवणारे कामगार, शेजारच्या मराठी शाळेची पोरं, एकदा तर चहावाला. नियम एकच. मागे उभं राहायचं, वहीत लिहायचं, तोंड उघडायचं नाही. पहिल्या शुक्रवारी अकरा जण खेळले आणि त्यातले सात एकाच ठिकाणी अडकले. गल्लीत उघडं गटार होतं, त्यावर फळी होती, पण फळीवरून जाता येतं हे कुणाला समजतच नव्हतं. एका पोराला राहवेना, तो पुटपुटला, “फळी... फळी...” मुलीने त्याचा हात दाबला. मुंबईत प्रत्येकाच्या कानात पुटपुटायला हा थोडाच पोचणार आहे?

पहिला उपाय सुचला तो आपल्या शाळांनी शिकवलेला: तिथे सूचना लिहू. ‘फळीवरून पलीकडे जा.’ लिहून पाहिली. पुढच्या शुक्रवारी कुणी ती वाचलीच नाही. मग त्या मुलीने एक बकरी आणली. पोरगा गटाराजवळ आला की बकरी टुणकन फळीवर चढते आणि पलीकडे जाते. तिसऱ्या शुक्रवारी तिथे कुणी अडकलं नाही. शिक्षक प्रशिक्षणाच्या कार्यशाळांत ‘कृतीतून शिक्षण’ हा शब्द मी असंख्य वेळा ऐकला आहे. त्याचं इतकं चोख उदाहरण मी क्वचितच पाहिलं असेल.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग भाषेचा प्रश्न आला.

मालेगावच्या गल्लीतला गेम, पोराचे अब्बा लूमवर, भिंतींवर उर्दू पाट्या, आणि मेनू मात्र संपूर्ण इंग्रजीत. कारण विचारलं तर मुलगी म्हणाली, “सर, अक्षरं फुटतायत.” तिने दाखवलं. ‘मित्र’ शब्दातली ऱ्हस्व वेलांटी ‘म’च्या मागे जायची ती पुढे जाऊन बसलेली, आणि ‘त्र’चे तुकडे होऊन मध्ये हलंत लटकलेला. उर्दूची दशा त्याहून वाईट. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा आकार घेतं आणि ओळ उजवीकडून डावीकडे जाते. गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरला हे जोडकाम येत नसेल, तर अक्षरं सुटी पडतात आणि वर उलट्या क्रमाने लागतात. वाचणाऱ्याला तो शब्द नव्हे, अपघात दिसतो.

हा प्रश्न मालेगावचाच नाही. २००९ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ या जगभर खपलेल्या गेममध्ये कराचीचा नकाशा आहे आणि तिथल्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत आहेत. एवढ्या पैशांच्या गेममध्ये कराचीत कोणती भाषा वाचली जाते हे कुणी विचारलं नाही. रामी इस्माईल हे डच-इजिप्शियन गेमनिर्माते गेममधल्या तुटक्या, उलट्या अरबीबद्दल वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. छोट्या गटांना पत्रकारांसाठी माहितीपान बनवता यावं म्हणून त्यांनीच ‘प्रेसकिट’ नावाचं साधन फुकट देऊन टाकलं. आमच्या मुलांनीही संमेलनासाठी त्याच धर्तीचं पान केलं आहे: चार चित्रं, दीड मिनिटाचा व्हिडिओ, दोन परिच्छेद, संपर्क.

माझं म्हणणं असं की भाषेचा प्रश्न सोडवायला संमेलनाचा नमुना हीच सर्वांत योग्य जागा आहे. पूर्ण गेममध्ये हजारो शब्द असतील. दहा मिनिटांच्या नमुन्यात आम्ही मोजले तर दोनशेही भरले नाहीत. दोनशे शब्द तीन भाषांत नीट करणं हे चार संध्याकाळचं काम आहे. साधनंही आहेत. गोडो हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या सांभाळतं. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक’ हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. नस्तालीकची ओळ तिरकी उतरते, तिला वर-खाली जागा लागते, म्हणून इंग्रजीच्या मापाने काढलेल्या चपट्या चौकटी उंच कराव्या लागल्या. एवढंच.

शब्द निवडताना आम्हाला मजा आली. ‘न्यू गेम’ला कुणी ‘नवीन खेळ’ सुचवलं. मी म्हटलं, गल्लीत आपण काय म्हणतो? ‘नवा डाव’. हरल्यावर ‘गेम ओव्हर’ऐवजी ‘डाव गेला’, आणि दुसऱ्या खेळाडूसाठी ‘भिडू’. हे शब्द कोशातून आणावे लागत नाहीत, विटी-दांडू आणि गोट्यांच्या खेळांनी ते सांभाळून ठेवले आहेत.

यावर आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. संमेलनाला प्रकाशक येतात, परदेशी पत्रकार येतात, ते इंग्रजीच वाचणार. पैसा तिथूनच येतो. मान्य. पण पहिल्याच पडद्यावर भाषा निवडायची सोय असली की कुणाचंच नुकसान नाही, उलट तीन लिप्या शेजारी शेजारी पाहून जाणारा माणूस थांबतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेल्या ‘राजी’चं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये लोकवर्गणीची त्यांची मोहीम अपयशी ठरली, तरी त्यांनी राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीचा आपला बाज सोडला नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये उत्तम पदार्पणाच्या यादीत पोचला. आपल्या गावासारखा दिसणारा गेम बाहेरच्यांना नकोसा होतो, ही भीती आपणच घालून घेतलेली आहे.

घरचा आक्षेप वेगळा. आमच्याकडे खेळ म्हटलं की मोठी माणसं ‘लहव-ओ-लइब’ म्हणून हात झटकतात, म्हणजे नुसता रिकामटेकडेपणा. त्यात गेल्या काही वर्षांत पैसे लावायच्या अ‍ॅपनी ‘गेम’ या शब्दाची पुरती बदनामी केली. मुलीच्या वडिलांचा पहिला प्रश्न होता, “इसमें पैसा लगाते हैं क्या?” प्रश्न रास्त आहे, त्यांच्या कारखान्यातल्या दोघांनी मोबाइलवर पगार घालवला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, त्यातही असे गेम आणि इतर गेम वेगळे धरले आहेत, हे मी त्यांना समजावलं. पण त्यांना पटलं ते कायद्याने नाही. एका शुक्रवारी ते स्वतः येऊन खेळले, अंधारात चालणाऱ्या मागाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, हा आवाज आमच्या लूमचा नाही, याचा धोटा सैल आहे. पोरांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मागाचा आवाज नोंदवून आणला. मुलगी अम्मीसोबत मुंबईला जाणार आहे.

आणि खर्च. टेबलाचं भाडं, प्रवास, राहणं, छपाई मिळून एका गटाला झेपत नाही अशी रक्कम होते. २०१२ मध्ये बोस्टनच्या पॅक्स ईस्टमध्ये छोट्या गटांनी एकत्र येऊन ‘इंडी मेगाबूथ’ नावाची सामायिक जागा घेतली आणि मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने उभे राहिले. भिशी आणि पतपेढीची सवय असलेल्या आपल्या गावांना ही कल्पना परकी वाटू नये. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर इथल्या चार गटांनी मिळून एक टेबल घेतलं, दोन-दोन तास वाटून घेतले, तरी पुष्कळ आहे.

संमेलन संपल्यावर काय? लोक सल्ले देतील, शेकड्यांनी. बंदूक घाला, पोराला मोटरसायकल द्या, शेवटी राक्षस आणा. मुलांना मी एवढंच सांगितलं आहे की सल्ले ऐकून घ्या, आभार माना, पण वहीत लिहा ते वेगळं: माणूस कुठे थांबला, कुठे हसला, कितव्या मिनिटाला उठला. परतल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त ही वही वाचायची.

मुख्याध्यापक आणि शिक्षक मित्रांना एक विनंती. येत्या विज्ञान प्रदर्शनात निदान एक टेबल असं ठेवा, जिथे मुलांना बोलायला बंदी असेल आणि पाहुण्यांना हात लावायला मोकळीक. मुलांच्या हाती वही-पेन द्या. परीक्षकांनी गुण त्या वहीला द्यावेत, भाषणाला नकोत. त्यासाठी संगणक लागेलच असं नाही, पुठ्ठ्याचा खेळही चालेल. आणि पाट्या मराठीत, उर्दूत, मुलं जे बोलतात त्या भाषेत असू द्या.